रोलर कोस्टरची उभारणी : ‘फ्युरी ३२५’ च्या निमित्ताने

विद्यापीठीय पत्रिकेत रोलर कोस्टरसारखा विषय यावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. जत्रेतील करमणूक आणि उपयोजित यामिकी यांचा संबंध तो काय, अशी शंका स्वाभाविक आहे. परंतु कलनशास्त्र, दृढ पदार्थाची गती आणि संरचनांचे विश्लेषण हे तीन विषय आमचे विद्यार्थी तीन निरनिराळ्या वर्गांत, तीन निरनिराळ्या वह्यांत शिकतात. ते तिन्ही एकाच वस्तूत एकत्र पाहावयाचे असतील, तर याहून सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. शिवाय, बांधकाम पुरे झाले म्हणजे अभियंत्याचे काम संपले, ही जी एक समजूत आपल्यात रूढ आहे, ती किती अपुरी आहे हेही याच उदाहरणावरून दिसून येते.

उदाहरण घेतले आहे ते अमेरिकेतील शार्लट शहराजवळच्या ‘कॅरोविंड्स’ या उद्यानाचे. नॉर्थ कॅरोलायना आणि साउथ कॅरोलायना या दोन राज्यांची सीमारेषा या उद्यानातूनच जाते. १९७३ साली सुरू झालेल्या या उद्यानाने ऑगस्ट २०१४ मध्ये एका नव्या रोलर कोस्टरची घोषणा केली. उंची ३२५ फूट, म्हणजे सुमारे ९९ मीटर. लांबी ६,६०२ फूट, म्हणजे दोन किलोमीटरांहून किंचित अधिक. कमाल वेग ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर. आणि खर्च तीन कोटी डॉलर. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस याने शार्लटला गांधीलमाश्यांचे पोळे म्हटले होते, अशी तेथील परंपरा आहे. त्या पोळ्यावरूनच या यंत्राची कल्पना सजविण्यात आली व त्याला ‘फ्युरी ३२५’ असे नाव मिळाले. २८ मार्च २०१५ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. साखळीने वर ओढल्या जाणाऱ्या रोलर कोस्टरांत ते त्या वेळी जगातील सर्वांत उंच होते.

त्याचा आराखडा ‘बोलिगर आणि माबिलार’ या स्विस संस्थेचा. वाल्टर बोलिगर आणि क्लोद माबिलार या दोन अभियंत्यांनी १९८८ मध्ये ती स्थापन केली. आपल्याकडे खोपोलीजवळच्या ‘इमॅजिका’ उद्यानात २०१३ साली जे ‘नायट्रो’ उभे राहिले, तेही याच संस्थेचे. त्यामुळे पुढे ज्या पेटीच्या आकाराच्या कण्याचे वर्णन येईल, तो ज्यांना प्रत्यक्ष पाहावयाचा असेल त्यांनी सातासमुद्रापार जाण्याचे कारण नाही.

प्रथम आराखड्याविषयी. रोलर कोस्टरचा मार्ग कोणी तरी कागदावर डौलदार रेषेने काढतो आणि मग त्या रेषेवर किती बल पडेल याचे गणित होते, अशी सर्वसाधारण कल्पना असते. आरंभीच्या काळी तसे होतही असे, आणि त्याचे परिणाम शरीराला भोगावे लागत. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचे एक उलटे वेटोळे बांधण्यात आले होते. ते शुद्ध वर्तुळाकार होते. वर्तुळाचा दोष साध्या गणिताने कळतो. शिखरावरून गाडी जेमतेम पार व्हावयाची असेल, तर तेथे वेगाचा वर्ग हा गुरुत्वप्रवेग आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराइतका हवा. ऊर्जेच्या अक्षय्यतेनुसार तळाशी तो त्याच्या पाचपट होतो. त्यात स्वतःचे वजन मिळविले, म्हणजे तळाशी बसणाऱ्यास आपल्या वजनाच्या सहापट भार जाणवतो. घर्षण धरले तर त्याहून अधिक. आणि हा भार क्रमाक्रमाने येत नाही. सपाट रुळावरून वर्तुळात शिरताच, एका क्षणात येतो. या यंत्रात बसलेल्यांच्या माना दुखावल्या हे त्याच्या इतिहासात नमूद आहे, आणि वरील गणित ज्याने केले आहे त्याला त्याचे आश्चर्य वाटणार नाही.

यावरचा उपाय रेल्वेच्या अभियंत्यांना ठाऊक होता. सरळ मार्ग आणि वर्तुळाकार वळण यांच्यामध्ये असा एक वक्र घालावयाचा, की ज्याची वक्रता अंतराच्या प्रमाणात हळूहळू वाढत जाईल. यालाच संक्रमण वक्र म्हणतात. भारतीय रेल्वे यासाठी घन अन्वस्त वापरते. तोच विचार अधिक काटेकोरपणे केला की क्लोथॉइड हा वक्र मिळतो. जर्मन अभियंते वेर्नर श्टेंगेल यांनी तो उभ्या वेटोळ्यासाठी योजला, आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘रेव्हल्यूशन’ या यंत्रात आधुनिक काळातले पहिले यशस्वी उभे वेटोळे उभे राहिले. ‘फ्युरी’मध्ये उलटे वेटोळे एकही नाही. तरीसुद्धा त्याच्या प्रत्येक दरीत आणि प्रत्येक वळणाच्या तोंडाशी हाच विचार आहे. प्रवेग किती, याइतकाच तो कोणत्या त्वरेने बदलतो हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मानवी मानेला प्रवेगापेक्षा त्यातील आकस्मिक बदलच अधिक जाचतो.

तेव्हा आजच्या आराखड्याचा क्रम उलटा आहे. आधी बसणाऱ्याच्या शरीराला कोणत्या क्षणी कोणत्या दिशेने किती भार द्यावयाचा हे ठरते. ‘ए. एस. टी. एम.’ या अमेरिकन मानकसंस्थेने १९७८ साली करमणुकीच्या यंत्रांसाठी एक स्वतंत्र समिती नेमली, आणि त्या समितीच्या आजच्या मानकांत प्रवेगाची मर्यादा काळाशी जोडून दिलेली आहे : क्षणभर चालेल तेवढा भार काही सेकंद चालणार नाही. या मर्यादांत राहून शरीराचा मार्ग निश्चित होतो, आणि ‘शरीर’ म्हणजे ढोबळमानाने छातीची पातळी. ही काल्पनिक रेषा अवकाशात आधी आखली जाते. रूळ तिच्याभोवती वळविला जातो. म्हणूनच वळणावर रूळ कलताना तो स्वतःभोवती न वळता बाजूला झुकून जातो. लांबून पाहणाऱ्यास तो वेडावाकडा वाटतो, परंतु बसणाऱ्याच्या हृदयाचा मार्ग मात्र सुरळीत असतो.

दरीचे एक अंकगणित येथे करून पाहण्यासारखे आहे. ताशी १५३ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४२.५ मीटर. तळाशी शरीराच्या वजनाच्या चौपट भार जाणवावा असे धरले, तर केंद्राभिमुख प्रवेग गुरुत्वप्रवेगाच्या तिप्पट हवा, आणि त्यावरून वक्रतात्रिज्या सुमारे ६१ मीटर येते. हे आकडे केवळ प्रमाण कळावे म्हणून घेतले आहेत. पण एवढ्यावरूनही कळेल, की तीनशे फुटांवरून उतरणाऱ्या मार्गाला तळाशी वळण्यासाठीच एखाद्या वीस मजली इमारतीच्या उंचीएवढी त्रिज्या लागते. उंची वाढविणे म्हणजे केवळ खांब लांब करणे नव्हे. तिच्याबरोबर जमिनीची मागणीही वाढत जाते.

आता वेगाचे पाहू. पहिला उतार ३२० फूट, म्हणजे ९७.५ मीटर खोल आहे. या उंचीची सर्व स्थितिज ऊर्जा गतिज ऊर्जेत गेली, तर वेग ताशी १५७ किलोमीटरांच्या किंचित वर निघतो. प्रसिद्ध झालेला वेग १५३ आहे. हा फरक पाहून विद्यार्थी लगेच घर्षण आणि हवेचा रोध यांच्याकडे बोट दाखवितात. ते खरेच आहे, पण पूर्ण नव्हे. गाडी हा बिंदू नाही. आठ रांगांत प्रत्येकी चार अशी बत्तीस माणसे घेऊन जाणारी ती एक लांब वस्तू आहे. पुढची रांग शिखर ओलांडून खाली झुकते तेव्हा मागची अजून चढतच असते. त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य शिखराच्या पूर्ण उंचीवर कधीच नसतो, आणि तळाशीही तो दरीच्या अगदी खालच्या बिंदूवर नसतो. मागच्या रांगेत बसणारे शिखरावरून ओढले गेल्यासारखे का उडतात, याचेही उत्तर यातच आहे. बिंदुवस्तूच्या गणितावर समाधान मानण्याची सवय आपल्या पाठ्यपुस्तकांनी लावली आहे, तिला हा एक चांगला उतारा होय.

आराखडा झाला की प्रत्यक्ष उभारणी. घोषणेपासून उद्घाटनापर्यंत जेमतेम सात महिन्यांचा काळ होता, आणि तोही बव्हंशी हिवाळ्याचा. उभारणीच्या जागी दिसते ते काम मुख्यतः जोडणीचे असते. रूळ आणि खांब कारखान्यात तयार होतात. या संस्थेचे अमेरिकेतील असे काम ओहायो राज्यातील बटेव्हिया येथे होते. रुळाची रचना अशी : मध्यभागी पोलादी पत्र्यांचा पेटीसारखा पोकळ कणा, त्याच्यावर आडवे हात, आणि त्या हातांवर दोन नळ्या. गाडीची चाके नळीला वरून, बाजूने आणि खालून अशी तिन्ही अंगांनी धरतात. कणा पोकळ असण्याचे कारण पिळाचा विरोध. कललेल्या वळणावर गाडीचा भार कण्याच्या मध्यावरून जात नाही, आणि पिळाला तोंड देण्यास बंद पेटी ही उघड्या तुळईपेक्षा कितीतरी पटींनी सरस ठरते. रुळाचे बहुतेक तुकडे एकमेकांपासून भिन्न असतात. एखादा तुकडा चुकला तर त्याच्या जागी दुसरा घालता येत नाही.

त्याआधी पाया. इमारतीच्या पायावर बहुतांशी वरून खाली भार येतो. येथे गाडी वळणावरून जाताना खांबाला आडवे ढकलते, आणि काही खांबांचे पाय चक्क वर उचलले जाण्याच्या बेतात येतात. मग पायाचे काम केवळ भार पेलण्याचे न राहता खांबास धरून ठेवण्याचेही होते. शार्लटचा प्रदेश पीडमाँटच्या पट्ट्यात येतो. वर तांबडी चिकणमाती आणि खाली कुजत गेलेला खडक. आपल्याकडील मुरुमाची ज्यांना कल्पना आहे त्यांना हे परके वाटणार नाही. काँक्रीट ओततानाच त्यात पोलादी बोल्ट उभे बसवावे लागतात, आणि शेकडो मैलांवर तयार झालेल्या खांबाच्या तळपट्टीची भोके त्या बोल्टांवर नेमकी उतरली पाहिजेत. म्हणूनच या कामावर यारीवाल्याइतकाच महत्त्वाचा माणूस मोजणीदार. त्याने पायथ्याशी केलेली किंचितशी चूक ९९ मीटर उंचीवर किती मोठी होईल हे सांगावयास नको.

एक गोष्ट विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावी. दोन किलोमीटर पोलाद, हिवाळा आणि उन्हाळा यांत चाळीस अंश सेल्सिअसचा फरक, प्रसरण किती? उत्तर सुमारे ९७ सेंटिमीटर येते. सरळ रेल्वेमार्ग असता तर या जवळजवळ मीटरभर वाढीची मोठी चिंता करावी लागली असती. पण हा मार्ग सतत वळणारा आहे, त्यामुळे प्रत्येक वळण थोडेसे बाहेर सरकते, खांब थोडेसे झुकतात, आणि वाढ सर्वत्र विभागली जाते. वळणे गंमत म्हणून घातलेली असली, तरी ती संरचनेची सोयही करून जातात.

शेवटचा तुकडा बसला की मार्गाचे कडे पुरे होते. त्यानंतर कोणी वरून खाली जाण्यापूर्वी हाताच्या आणि पायाच्या पोहोचेचा सांगाडा बसविलेली गाडी हळूहळू संपूर्ण मार्गावरून फिरवून कोठे काही लागत नाही ना, हे पाहण्याची रीत आहे. मग पाण्याने भरलेले पुतळे बसवून फेऱ्या होतात. मार्गाचे खंड पाडलेले असतात, आणि एका खंडात एकाच वेळी एकच गाडी शिरू शकेल अशी यंत्रणा असते; रेल्वेच्या ‘ब्लॉक’ पद्धतीचेच हे अपत्य होय. या यंत्रावर तीन गाड्या एकाच वेळी धावू शकतात, त्या या व्यवस्थेच्या बळावर.

येथवरची हकीगत बहुतेक लेखांत मिळते. प्रस्तुत लेखकास महत्त्वाचे वाटते ते यापुढचे.

अशा यंत्रांची उभारणी बारकाईने पाहणारा एक हौशी वर्ग अमेरिकेत आणि युरोपात आहे. कुंपणाबाहेर उभे राहून हे लोक कोणता खांब आज उभा राहिला, कोणता तुकडा यारीला लागला, याची छायाचित्रे घेतात आणि नोंदी ठेवतात. तज्ज्ञ मंडळी या हौसेकडे कौतुकमिश्रित दुर्लक्षाने पाहतात. ३० जून २०२३ रोजी, म्हणजे यंत्र सुरू होऊन आठ वर्षे उलटल्यावर, मुलांना घेऊन आलेल्या एका सामान्य पाहुण्याची नजर एका खांबाच्या वरच्या भागाकडे गेली. खांबाला आरपार तडा गेलेला होता. वळणावरून गाडी जाई तेव्हा तुटलेली दोन टोके एकमेकांपासून सरकताना स्पष्ट दिसत, आणि गाडी तर माणसांनी भरलेली. त्याने चलच्चित्र घेतले, कर्मचाऱ्यांना कळविले, आणि त्याच दिवशी यंत्र बंद करण्यात आले. यंत्राची रोज तपासणी होते, असे उद्यानाने जाहीर केले होते. त्याआधीच्या सुमारे आठवड्याभरातील छायाचित्रांतही तो तडा दिसत होता, असे नंतर उघड झाले.

संरचना कोसळली नाही, हे कसे? उत्तर विश्लेषणाच्या वर्गात शिकविलेलेच आहे. अनेक आधारांवरील सलग तुळई ही स्थितिकीय दृष्ट्या अनिर्धार्य असते. एक आधार दुबळा झाला की त्याचा वाटा शेजारचे आधार आणि मधला कणा उचलतात. परीक्षेत ज्या अनिर्धार्यतेने विद्यार्थी मेटाकुटीस येतात, ती त्या दिवशी बत्तीस माणसांच्या पाठीशी उभी होती. पण हा दिलासा अर्धाच आहे. शेजारच्या आधारांवर आता जो भार येतो, तो त्यांच्या आयुष्याच्या हिशेबात धरलेला नसतो. आणि जी संरचना मोडकी असूनही काम करीत राहते, ती आपल्या दुखण्याची वाच्यता करीत नाही. गाडी वेळेवर स्थानकात येत राहते. म्हणून ती पाहावी लागते.

उद्यानाच्या निवेदनानुसार तडा वितळजोडाच्या, म्हणजे वेल्डिंगच्या, जागी गेला होता. या एका खांबाच्या बाबतीत नेमके काय घडले यावर मत देण्याचा येथे उद्देश नाही. पण सर्वसाधारणपणे तडे वितळजोडापाशीच का जन्मतात हे सांगता येते. पोलाद वितळून पुन्हा थिजताना आकसते, आणि बाहेरून काहीही भार नसतानाच आत ताण कोंडून राहतो. जोडाच्या कडेला आकार एकदम बदलतो, त्यामुळे प्रतिबल तेथे एकवटते. त्यात एखादी सूक्ष्म पोकळी राहिली, तर तड्याला आरंभबिंदू आयताच मिळतो. मग प्रत्येक फेरीगणिक तो कणाकणाने वाढतो. धातूचा हा शिणवटा रेल्वेनेच प्रथम जगापुढे आणला : ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे जाणाऱ्या गाडीच्या एंजिनाचा आस तुटला आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. पुढे प्रशियातील आउगुस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर अनेक वर्षे प्रयोग करून दाखविले, की एका वेळी सहज पेलणारा भारही लाखो वेळा येत-जात राहिला तर पोलाद मोडते.

येथे लाखो हा शब्द अतिशयोक्तीचा नाही. केवळ प्रमाण कळावे म्हणून दिवसाला ३०० फेऱ्या आणि वर्षाला १५० दिवस असे धरू. वर्षाच्या ४५,००० फेऱ्या झाल्या. सात हंगामांतच हा आकडा तीन लाखांच्या पुढे जातो, आणि प्रत्येक फेरीत खांबावर भार येतो व उतरतो. पुलावरून जाणाऱ्या गाड्यांचा भार बदलता असतो, पूर्ण भार क्वचित येतो. रोलर कोस्टरचे तसे नाही. तीच गाडी, तोच वेग, तेच वळण. शिणवट्याचा प्रयोग करणाऱ्या प्रयोगशाळेतील यंत्राशी त्याचे साम्य पुलापेक्षा अधिक आहे. फरक एवढाच, की येथे नमुन्यावर माणसे बसलेली असतात.

नॉर्थ कॅरोलायनाच्या श्रम खात्याने तपासणी हाती घेतली. बाधित खांब काढून नवा खांब बसविण्यात आला. त्यानंतर गाडीवर प्रवेगमापके बसवून मोजमाप झाले, ते आराखड्यातील मूल्यांशी ताडून पाहता यावे म्हणून. आणि मग माणसांवाचून पाचशे पूर्ण फेऱ्या घेण्यात आल्या. उंच व अवघड जागांच्या पाहणीसाठी कॅमेरा लावलेल्या ड्रोनांचा उपयोग यापुढे नियमित करण्यात येईल, असेही उद्यानाने जाहीर केले. म्हणजे जे काम त्या पाहुण्याच्या डोळ्यांनी खालून केले होते, तेच आता वरून आणि ठरलेल्या वेळी व्हावयाचे होते. १० ऑगस्ट २०२३ रोजी ‘फ्युरी ३२५’ पुन्हा लोकांसाठी सुरू झाले.